झिपरीच्या तंबूची गळकी शिवण

करवंदीच्या जाळीत एक चिचुंद्री राहायची. तिचं नाव झिपरी. तिला एक पिल्लू होतं, एवढंसं.

ताडपत्रीचे दोन तुकडे जोडून झिपरीनं तंबू शिवला. पण शिवण गळू लागली. टप. टप. टप.

पिल्लाची कोरडी जागा हरवली. थोडी इथे भिजली. थोडी तिथे भिजली. मग उरलीच नाही.

पिल्लू कुडकुडलं. "आई, माझी जागा कुठे गेली?"

झिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आभाळ काळं. वाट चिखलाची.

भेटली सुईआजी.

"सुईआजी, सुईआजी, शिवून दे. पिल्लाची जागा सुकेना."

सुईआजी म्हणाली, "कडेला कड लावलीस ना? कडेत कड अडकवायची असते. आजकालच्या पोरींना काही येत नाही. मी नाही उठायची. आधी दोरा शिरू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. भेटले दोरेआजोबा.

"दोरेआजोबा, दोरेआजोबा, सुईत शिरा. सुई शिवेना, पिल्लाची जागा सुकेना."

"मेण लावल्याशिवाय पाणी अडत नाही. मी नाही शिरायचा. आधी मेण पघळू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. भेटली मेणमावशी.

"मेणमावशी, मेणमावशी, पघळून दे. दोरा शिरेना, सुई शिवेना, पिल्लाची जागा सुकेना."

"गारठ्यानं माझा दगड झालाय. मी नाही पघळायची. आधी ऊन पडू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. ढगामागे बसले होते ऊनकाका.

"ऊनकाका, ऊनकाका, खाली या. मेण पघळेना, दोरा शिरेना, सुई शिवेना, पिल्लाची जागा सुकेना."

"ढगांनी वाट अडवलीय. मी नाही यायचा. आधी वारा उठू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. झाडाच्या ढोलीत वारेबुवा घोरत होते. घुर्र. घुर्र.

"वारेबुवा, वारेबुवा, उठा. ऊन पडेना, मेण पघळेना, दोरा शिरेना, सुई शिवेना, पिल्लाची जागा सुकेना."

वारेबुवांनी कूस बदलली. "मोठ्यांना झोपेतून उठवू नये. उद्या ये."

झिपरी पावसात उभी राहिली. लांबून पिल्लाचा आवाज आला. चीं. मग तोही थांबला.

"उद्या नाही," झिपरी म्हणाली. "आत्ता."

तिनं शेपूट उचललं. टोक वारेबुवांच्या नाकात घातलं. गुदूगुदू, गुदूगुदू.

आऽऽक् छीं!

वारा उठला. ढग पांगले. ऊन पडलं. मेण पघळलं. दोरा मेणात माखला. दोरा सुईत शिरला. सुई उठली. सगळे झिपरीच्या मागे निघाले.

पिल्लू गारठून गोळा झालं होतं. झिपरीनं त्याला पोटाशी घेतलं. उन्हात पिल्लाच्या अंथरुणाची पानं सुकली.

ताडपत्रीची एक कड दुमडली. दुसरी कड दुमडली. कडेत कड अडकली. सुई चालली. टुच टुच टुच. एक टीप. शेजारी अजून एक टीप.

"मी सांगितलंच होतं," सुईआजी म्हणाली.

झिपरी पिल्लाला चाटत होती.

संध्याकाळी ढग परत आले. सगळं पुन्हा काळं झालं. टप. टप. टप.

पिल्लानं नाक वर केलं. वाट पाहिली. नाकावर काहीच पडलं नाही.

"आई, पाऊस कुठे पडतोय?"

"बाहेर."

पिल्लाची जागा पिल्लाला मिळाली. पाऊस राहिला बाहेर, पिल्लू निजलं आत. आता तूही नीज.