विसो पंतोजींचा मुक्काम

घोड्यांची धूळ दिसली की चुली विझवायच्या, असा तो काळ. फार वर्षं झाली त्याला. लढाई सुरू झाली तेव्हा पाळण्यात असलेल्या मुलांचे दुधाचे दात पडून नवे आले, तरी ती संपेना. फौजा येत, गाव जाळत, निघून जात. शेवटी करंजखिंडीची माणसं डोंगरातल्या सात घळींत पांगली. एक घळ सापडली तरी बाकीच्या वाचाव्यात, म्हणून कुणी कुणाचा ठिकाणा विचारायचा नाही असं ठरलं.

"आणि पोरांचं काय?" पाटलीणबाई म्हणाली. "लढाई संपल्यावर खाली काय माकडं उतरवायची?"

म्हणून विसो पंतोजींना गळ घातली. रोज एका घळीत जायचं, धुळीत अक्षरं गिरवून घ्यायची, पाढे कुजबुजत म्हणवून घ्यायचे, तिथंच जेवायचं. पण सातही ठिकाणं त्यांना एकट्यालाच ठाऊक, त्यामुळे मुक्काम मात्र कुठंच करायचा नाही. कुणी माग काढत आलंच, तर ते एकटेच सापडावेत. पंतोजी बरं म्हणाले.

त्यांची आईवेगळी मुलगी आवडी पाटलीणबाईच्या घळीत होती. उन्हं कलली की ती म्हणे, "आबा, आज राहा ना."

"आज नको."

"तुमच्या आबांना आमची जमीन टोचते गं," पाटलीणबाई चेष्टेनं म्हणे. पंतोजी हसत आणि उपरणं झटकून उठत. रात्री कुठल्याशा कपारीत पडल्यावर ते स्वतःशीच बोलत, आपला आवाज विसरू नये म्हणून.

एके दिवशी ते आवडीच्या घळीकडे निघाले होते, तर मागे घोडेस्वार दिसले. आवडी वाट बघत असणार. पंतोजी वळले आणि उलट दिशेच्या उघड्या माळावर चढले. तिथं त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं पाढे म्हणायला सुरुवात केली. असं म्हणतात, की दारात उभं राहून बोलावं तसा त्यांचा आवाज सातही घळींत ऐकू आला. मुलं ओठ हलवत मागून म्हणत राहिली. घोडेस्वार त्या आवाजामागे दूर दूर गेले. मग आवाज थांबला. पंतोजी परत आले नाहीत.

लढाई सरली. गाव खाली उतरलं. पाटलीणबाईनं सगळी मुलं एकत्र बसवून पाढे म्हणायला लावले. सात घळींतली, इतकी वर्षं एकमेकांना न भेटलेली ती मुलं एका सुरात म्हणत गेली आणि एकोणतीसच्या पाढ्याच्या मध्यावर एकदम थबकली. पुढचं एकालाही येत नव्हतं.

त्या शांततेत आवडी म्हणाली, "आबांना कुणी एक रात्रसुद्धा ठेवून घेतलं नाही."

कुणाचीच मान वर झाली नाही, असं म्हणतात.

करंजखिंडीत आजही नवे गुरुजी बदलून आले, की पहिल्या रात्री गावातलं कुणीतरी वळकटी घेऊन त्यांच्याकडे झोपायला जातं. नव्या बाई आल्या, तर बायका जातात.

"मला एकटं राहायची सवय आहे," असं एखादे गुरुजी म्हणतात.

"असेल," म्हणत आलेला माणूस सतरंजी पसरतो.