भिंगरी आणि घळीतली हाक

डोंगरांना अजून नावे पडली नव्हती, त्या काळची ही गोष्ट.

दोन कड्यांच्या मध्ये एक खोल घळ होती आणि घळीच्या काठाला एक लहानसे गाव होते. घळीवर लाकडी साकव होता. त्याच्या मधोमध एकाच खांबावर तोललेली एक लांब फळी होती. अलीकडच्या टोकावरून चढून माणूस मध्य ओलांडून गेला की पलीकडचे टोक खाली येई आणि धाडकन आपटे.

वर्षातले दोन महिने घळ धुक्याने भरून जाई. स्वतःचा हातसुद्धा दिसत नसे. मग माणसांना पार नेण्याचे काम कुत्री करत. कुत्रे वासावर फळी ओळखून पुढे चाले आणि त्याच्या पट्ट्याची दोरी धरून माणसे मागोमाग येत.

ही कुत्री म्हाळू तयार करायचा. अंगणात त्याने सगळे सामान मांडले होते. उडी मारायला आडवा बांबू, रांगत जायला कातड्याचे भुयार आणि साकवावर होती तशीच डुलणारी फळी. त्या वर्षी त्याच्याकडे एकच कुत्री उरली होती, भिंगरी. ती फळीवरून अशी जायची की जणू तिला वजनच नाही.

एका दुपारी धुके अंगणापर्यंत चढून आले. भिंगरी फळीच्या मध्यावर होती. तेवढ्यात घळीतून हाक आली.

"भिंगरी, ये गं. इकडे ये."

आवाज म्हाळूचा होता. पण म्हाळूचे तोंड मिटलेले होते.

भिंगरी गर्रकन वळली. फळी तिच्याखाली कलंडून जोरात आपटली आणि ती खाली पडली. पडली तशी उठली आणि गोठ्यातल्या गव्हाणीखाली जाऊन बसली.

म्हाळू जागच्या जागी उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी त्याचा सर्वांत चांगला कुत्रा अशाच धुक्यात घळीकडे धावत गेला होता, तो परत आलाच नाही. त्या वेळी म्हाळू घरात जेवत होता. कुत्रा का धावला, हे कुणालाच उमगले नव्हते. आज ते म्हाळूला उमगले.

त्याने हे कुणाला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने भिंगरीच्या गळ्यात दोरी घातली आणि तिला फळीकडे ओढले. "चल! काही नाही तिथं! चल म्हणतो ना!" भिंगरीने चारी पाय रोवले. तिसऱ्या दिवशी तर ती दोरी पाहूनच थरथरू लागली. मग ती भुयारातही जाईना, बांबूवरूनही उडी मारीना.

त्याची बायको ठकू दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "अहो, तिचं राहू द्या. तुमचे हात का कापतायत?"

म्हाळूने दोरी खाली टाकली. तो म्हणाला, "त्या दिवशी घळीतून माझ्याच आवाजात हाक आली, ती मी नव्हती मारली, ठकू. मलाही भीती वाटते."

"मग तिला खोटं कशाला सांगता, काही नाही म्हणून? तिनंही ऐकलंय ते."

त्या दिवसापासून म्हाळूने दोरी वापरली नाही. त्याने फळी खांबावरून काढून गवतावर सपाट ठेवली आणि तिच्या कडेला बसून राहिला. भिंगरी गव्हाणीखालून पाहत राहिली. त्यानंतर चौथ्या दिवशी तिने येऊन फळी हुंगली. पुढे कधीतरी तिच्यावर एक पाय ठेवला. म्हाळूने भाकरीचा तुकडा दिला, पण तिला बोलावले नाही. मग त्याने फळीच्या मध्याखाली मुठीएवढ्या उंचीचा दगड सरकवला आणि टोकाखाली घड्या घातलेली घोंगडी ठेवली, म्हणजे फळी आपटली तरी आवाज होऊ नये. घोंगडीची एकेक घडी तो रोज कमी करत गेला.

अधूनमधून घळीतून हाक यायची. त्याच्याच आवाजात, गोड, घाईची. भिंगरी शहारायची. म्हाळूही शहारायचा. तो तिच्या पाठीवर हात ठेवून गप्प बसायचा. त्याने मनाशी ठरवले होते, आता आपण तिला कधीच हाक मारायची नाही, म्हणजे आलेली हाक आपली नव्हे हे तिला कळेल.

घोंगडी अजून एका घडीची उरली असताना बातमी आली. मीठ आणायला गेलेली सात माणसे पलीकडच्या काठावर अडकली होती. मदतीसाठी ते फुंकत असलेले शंख तीन दिवस ऐकू येत होते. त्या दिवशी एकच शंख वाजला, तोही क्षीण.

म्हाळूने भिंगरीला पट्टा बांधला, दोरी सैल धरली आणि साकवाशी जाऊन उभा राहिला.  भिंगरी थोडा वेळ हुंगत राहिली, मग आपणहून पुढे झाली.

जाताना घळ गप्प होती. परतीच्या वाटेवर दोरीला धरून सात माणसे मागे असताना, फळीच्या ऐन मध्यावर खालून हाक आली.

"भिंगरी, ये गं. इकडे ये."

भिंगरी थांबली. मागचा माणूस किंचाळला, "अरे म्हाळू, तू तर माझ्या पुढं आहेस! खाली कोण बोलतंय? ओढ तिला, ओढ!"

"कुणी ओढायचं नाही," म्हाळू हळूच म्हणाला. "तिला ठरवू द्या."

"लवकर ये! धाव! धाव, भिंगरी!" घळ ओरडू लागली.

 म्हाळूने वाकून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहिला. भिंगरीने एकदा खाली पाहिले, एकदा त्या हाताकडे मान वळवली. मग तिने पाय पुढे टाकला. म्हाळू तिच्यामागून मध्य ओलांडताच फळी धाडकन आपटली. तो आवाज विरेपर्यंत ती स्थिर उभी राहिली आणि मग चालू लागली.

साती माणसे घरी पोहोचली.

पुढे म्हाळूच्या अंगणात पुष्कळ कुत्री तयार झाली आणि एकाही कुत्र्याच्या गळ्यात ओढण्यासाठी दोरी पडली नाही. म्हातारा होऊन म्हाळू वारला, तरी धुक्याच्या दिवसांत घळ त्याच्याच आवाजात हाका मारत राहिली. कुत्री कान टवकारत, क्षणभर थांबत आणि माणसांना घेऊन पार जात.

तात्पर्य: भ्यालेल्याला ओढून धीर येत नाही; आपली भीती कबूल करून त्याच्या शेजारी थांबले, म्हणजे येतो.