टिटवीचं लंगडणं

फार पूर्वी एका माळावर पाखरांचा एक नियम होता: ज्याला स्वतःची रीत नसेल, त्याने धोका दिसताच बाभळीच्या शेंड्यावर जाऊन गप्प बसावं. नियम सोयीचा होता, कुणाला काही शिकावं लागत नसे. हळूहळू सगळ्यांनीच आपापल्या रीती सोडल्या, आणि नियमाला प्रश्न विचारणं उद्धटपणाचं ठरलं.

त्या वर्षी टिवली टिटवीने जमिनीवर, खड्यांत चार अंडी घातली. एका सकाळी मुंगूस वास घेत आलं. पाखरं शेंड्यावर पोचली.

"वर ये गं, पोरी!" म्हातारा होला ओरडला.

"आणि अंडी?"

"नियमात अंडी नाहीत."

"नियम करणाऱ्यांची घरटी झाडावर होती ना, आजोबा!"

मोडल्यासारखा पंख लोंबवत ती मुंगसासमोरून लंगडत निघाली. मुंगूस मागे लागलं. जबडा दोनदा शेपटीला लागला. ओढ्यापलीकडे त्याला चकवून ती परतली. अंडी शाबूत होती.

"शाब्बास!" होला म्हणाला. "आता नियमच करू. यापुढे सगळ्यांनी लंगडायचं."

"मुळीच नाही," टिवली म्हणाली. "झाडावरच्यांनी कशाला लंगडायचं? ज्याचं घरटं, त्याला ठरवू द्या."