सर्वांना औषध

एका रानात खुरकुतीची साथ आली. वैद्यकी जाणणारे अस्वल मध घेतल्याशिवाय औषध देत नसे, त्यामुळे गरीब जनावरे लंगडत मरू लागली. तेव्हा सांबराने रानसभेत ठराव मांडला, की औषध सर्वांना मिळावे. लांडगे विरोधात होते, पण बहुमत हरणांचे होते.

फूट पडली ती हरणांतच. काळवीट म्हणाला, "रानडुकरांना वगळा, तरच माझा कळप तुमच्या बाजूने."

चितळ उसळला, "एकालाही वगळलंत तर आम्ही विरोधात!"

भुरी नावाची हरिणी आजारी पाडसाला घेऊन पुढे आली. "दादा, अर्धामुर्धा का होईना, आजच मंजूर करा. याला उभंसुद्धा राहवत नाही."

"आज मत घेतलं तर ठराव पडेल, बाई," सांबर म्हणाला. "आधी या दोघांची समजूत काढतो."

बैठकांवर बैठका झाल्या. पावसाळा सरता सरता दोघे एकदाचे राजी झाले आणि सांबराने उत्साहाने सभा बोलावली. भुरी आली, एकटीच. काळविटामागे आणि चितळामागे मोजकीच हरणे उभी होती. या वेळी सगळ्या हरणांनी एकमुखाने होकार दिला.

लांडगे संख्येने जास्त भरले. ठराव पडला.