अंदाज कायम

“जे वैशाखात सांगितलं तेच आश्विनात पुन्हा सांगायचं, तर त्यासाठी माणसं कशाला जमवायची, महाराज?”

श्रेणिक मगदूमनं हे विचारलं, तेव्हा बस्तीच्या, म्हणजे गावच्या जैन मंदिराच्या, ओसरीवर कोवळं ऊन आलं होतं.

मितसागर महाराज लाकडी फळीवर बसले होते. अंगावर वस्त्र नाही. जवळ मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. दिगंबर मुनीचा सगळा पसारा एवढाच. चातुर्मास एकाच ठिकाणी काढायचा असतो, म्हणून आषाढापासून ते नदीकाठच्या या गावी राहिले होते. हे गाव श्रेणिकचं आजोळ.

“तेच म्हणजे काय?” महाराजांनी विचारलं.

श्रेणिक क्षणभर घुटमळला. असल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात. मग त्याचं त्यालाच हसू आलं. ज्याला पदर नाही, त्याच्यापुढं कसली झाकपाक?

त्याची पंपांची कंपनी होती. वडिलांनी एका शेडमध्ये सुरू केलेली, त्यानं वाढवून शेअर बाजारात नेलेली. वैशाखात त्यानं गुंतवणूकदारांना वर्षाचा अंदाज दिला होता. यंदा विक्री इतकी वाढेल, नफा इतका राहील. आता अर्धं वर्ष सरलं होतं. सहामाहीचे आकडे आदल्या दिवशीच जाहीर झाले होते, आणि ते चांगले होते. आज चार वाजता फोनवर सगळ्या गुंतवणूकदारांशी बोलायचं होतं.

“आमच्या हिशेबखात्याच्या प्रमुख आहेत, वृंदाताई रेगे. त्या म्हणतात, ‘अंदाज कायम’ एवढंच सांगा. निर्यातीच्या ऑर्डरी अजून पक्क्या नाहीत म्हणे.”

“आणि तू?”

“मला अंदाज वाढवायचाय.”

“का?”

“का म्हणजे… श्रावणात पूर आला. कारखान्यात, ओतकामाच्या भट्टीत कमरेएवढं पाणी. लोक म्हणाले, मगदूम संपला. आणि बघा, कंपनी दुपटीनं उभी राहिली! हे मी केलंय, महाराज. मग तेच जुनं वाक्य कशाला बोलू? जरा कळू दे की बाजाराला.”

महाराजांनी डोळे मिटले.

श्रेणिकला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

“पूर आला तेव्हा तू कुठं होतास?”

“पुण्यात. रस्ते बंद होते. मी पोचलो तेव्हा पाणी ओसरलं होतं.”

“मग भट्टी कुणी राखली?”

“बाबालाल नदाफ आणि त्याच्या पाळीची माणसं. मोटारी, साचे, सगळं दोर लावून माळ्यावर चढवलं त्यांनी. त्यांची स्वतःची घरं पाण्यात होती तेव्हा…”

“हं.”

“आणि समोरच्या चढावरचे घोरपडे. तेही पंपच करतात. वीस वर्षं आमची चुरस. ते स्वतः चालत आले नि म्हणाले, तुमची भट्टी सुकेपर्यंत आमची वापरा.”

“तू मागितली होतीस?”

“नाही. मी कशाला मागतोय त्यांच्याकडं…”

श्रेणिकचा आवाज आता खाली आला होता.

“गिऱ्हाइकं?”

“बरीचशी थांबली. राजकोटचे एक शेठ तर म्हणाले, पंप तुमचाच घेऊ, पाऊस जाऊ दे.”

“आणि ज्यांनी तुझे शेअर घेतले ते?”

“काहींनी विकले. भाव पडला ना. पण पुष्कळजण थांबले.”

“कोण थांबले?”

“कोण ते… नाही सांगता यायचं, महाराज. हजारो लोक असतात. त्यांचं तोंडही आम्ही बघत नाही.”

“मग त्यांचे आभार कसे मानलेस?”

श्रेणिकनं नजर वळवली.

ओसरीखाली कुणीतरी पारिजातकाची फुलं वेचत होतं.

महाराज उठले. पिंछी-कमंडलू घेतलं, उजवा हात खांद्याशी नेला. आहाराची वेळ झाली होती. दिवसातून एकदाच ते अन्नपाणी घेत, तेही उभ्यानं, ओंजळीत. कुणाच्या दारी थांबायचं याचा काही नेम मनाशी धरून ते निघत. तो नेम काय, ते कुणाला ठाऊक नसे. जुळला तर आहार. नाही जुळला तर उपास.

श्रेणिकच्या प्रश्नाला उत्तर मिळालंच नव्हतं. तो थोडा खट्टू होऊनच मामीच्या घराकडं वळला.

मामी, चंपामामी, दारात कलश घेऊन उभी होती. चातुर्मास लागल्यापासून ती रोज अशी उभी राहत होती. महाराज रोज पुढं जात होते.

“श्रेणिक, पाय धू आणि धोतर नेस की लवकर. आज थांबले तर?”

“मामी, इतके महिने थांबले नाहीत…”

“म्हणून काय झालं? उभं राहायला काय लागतंय?”

श्रेणिक धोतर नेसून तिच्या शेजारी उभा राहिला, तेवढ्यात महाराज गल्लीत आले. दारादारांतून हाका उठल्या. मामीचाही आवाज चढला, “नमोस्तु महाराज, नमोस्तु! अत्र तिष्ठ, अत्र तिष्ठ!”

महाराज चालत आले. दारापाशी आले.

…आणि थांबले.

मामीनं प्रदक्षिणा घातली, त्यांना आत नेलं, पाय धुतले. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. ते तसंच ओघळत राहिलं.

आहार सुरू झाला. महाराज मौनात उभे. मामी घास देत होती, श्रेणिक दूध ओतत होता. बारीक धार, ओंजळीबाहेर थेंब जाता कामा नये. हजार माणसांची कंपनी चालवणाऱ्या त्या माणसाचा हात एका भांड्याच्या वजनानं अवघडला. असं निगुतीनं आपण कुणाला काही दिल्याला किती वर्षं झाली, हे त्याला आठवेना.

त्याला भरून आलं. त्यानं आणखी दूध पुढं केलं.

महाराजांनी ओंजळ मिटली.

“महाराज, अजून अर्धं भांडं आहे. एक घोट तरी…”

ओंजळ उघडली नाही.

श्रेणिकनं भांडं आणखी पुढं सरकवलं. मामीनं हलकेच त्याचं मनगट धरलं.

“पुरे म्हणाले ते. हात मागं घे.”

महाराज गेल्यावर मामी उंबऱ्याशी बसून राहिली. समाधानानं तिचा चेहरा उजळला होता.

“केवढे उपकार झाले आज,” ती पुटपुटली.

श्रेणिकला नवल वाटलं. “मामी, दिलं आपण. मग उपकार त्यांचे कसे?”

मामीनं त्याच्याकडं बघितलं. इतकं साधं याला कसं कळत नाही, अशा नजरेनं.

“त्यांनी घेतलं म्हणून आपलं देणं झालं रे.”

दुपारी श्रेणिक जेवला, पण डोळ्यांपुढं ती मिटलेली ओंजळच होती. मग वृंदाताईंना फोन लावला.

“ताई, तुमचं बरोबर आहे. अंदाज कायम.”

“साहेब… मी तर वाढवलेल्या अंदाजाचं निवेदनसुद्धा करून ठेवलं होतं. तुम्ही ऐकणार नाही म्हणून.”

“राहू दे ते. आणि ताई, पुराच्या आठवड्यात मी सैरभैर झालो होतो. तुम्ही आकडे तपासत बसलात, म्हणून तेव्हा लोकांना खरं सांगता आलं. तुमचे आभार मानायचे राहिले होते.”

“मानलेत की आता,” वृंदाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरासा ओला झाला होता.

चार वाजता मामीच्या माजघरात बसून श्रेणिक गुंतवणूकदारांशी बोलला. सहामाहीचे आकडे सांगितले. मग म्हणाला, “वर्षाचा जो अंदाज आम्ही वैशाखात दिला, तोच आज पुन्हा देतो आहोत. कमी नाही, जास्त नाही.”

पहिला प्रश्न मुंबईच्या एका मोठ्या फंडाच्या साहेबांचा. “सहामाही इतकी चांगली, मग अंदाज वाढवत का नाही? आम्हाला निराशा वाटते, मगदूमसाहेब.”

सकाळचा श्रेणिक असता तर फणफणला असता.

“पुढच्या सहामाहीतलं जे माझ्या हातात नाही, ते मी तुम्हाला कसं देऊ?” तो म्हणाला. मग त्यानं बाबालाल नदाफचं नाव घेतलं. त्याच्या पाळीतल्या एकेकाचं घेतलं. आपल्याच प्रतिस्पर्ध्याचं, घोरपड्यांचं नाव घेतलं. असलं काही ऐकायची फोनवर कुणाला सवय नव्हती. कुणी खाकरलं.

शेवटी एक म्हातारा, कापरा बायकी आवाज आला. “मी अकोल्याहून बोलतेय. कुसुम देवपुजारी. शाळेत शिकवत होते. मला प्रश्न नाही विचारायचा.”

“बोला, बाई.”

“पूर आला त्या आठवड्यात तुम्ही कळवलं होतं, अंदाज बदललेला नाही म्हणून. मुलगा म्हणाला, आई, विकून टाक. मी म्हटलं, माणूस तेच सांगतोय ना? मग थांबू. आज पुन्हा तेच ऐकलं… बरं वाटलं. एवढंच.”

हजारोंपैकी एकीचा आवाज आज त्याला ऐकू आला होता.

“तुम्ही थांबलात, बाई,” तो कसाबसा म्हणाला. “मी तुमचा फार आभारी आहे.”

फोन संपला. बाजार बंद व्हायची वेळ कधीच टळून गेली होती. उद्या सकाळी भाव उतरणार, हे त्याला दिसत होतं. त्या फंडाचे साहेब विकायला काढतील, हेही.

तरी तो माजघरातून उठला तो गुणगुणतच. मामीला वाकून नमस्कार केला, म्हणाला, “सकाळी तुझ्याबरोबर दारात उभं केलंस मला, बरं केलंस.” मामीला काही उलगडलं नाही, पण तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मग त्यानं घोरपड्यांना फोन केला. पूर ओसरल्यापासून करायचा राहिलेला. ते दोघं नेमकं काय बोलले कोण जाणे, पण बराच वेळ हसत होते.

दिवस मावळायच्या आत तो बस्तीत पोचला. सूर्य बुडाला की महाराज बोलत नसत.

महाराज फळीवर बसले होते. श्रेणिकनं तीनदा नमोस्तु केलं आणि समोर जमिनीवर बसला. सकाळी तो खांबाला टेकून उभा होता.

“तेच सांगितलं, महाराज.”

महाराजांनी त्याच्याकडं पाहिलं.

“उद्या भाव पडेल. वर्ष अजून अर्धं जायचंय. ऑर्डरी येतील न येतील. काहीच सुटलं नाही… पण फार हलकं वाटतंय.”

नदीवरून वारा आला. महाराजांनी पिंछी उचलून त्याच्या मस्तकावर टेकवली.

“ओझं तेवढंच आहे, श्रेणिक… आज तुला ते उचलणारे दिसले.”