शास्त्रीबुवांची म्हैस

तांबुळगडच्या राणीसाहेब कमळजाराजे बाळंत झाल्या आणि त्यांचं दही-ताक बंद झालं. डिंकाचे लाडू खाऊन खाऊन पोटाचा दगड झाला होता, वाटीभर दहीभातासाठी जीव तळमळत होता. पण राजवैद्य त्र्यंबकशास्त्री ढिम्म हलेनात.

"आई खाते तेच जसंच्या तसं दुधात उतरतं," ते बजावत. "राणीसाहेबांनी दही खाल्लं, की युवराजांना पडसं झालंच म्हणून समजा!"

यावर राजेसाहेब नुसती मान डोलावत.

बारशाला सगळे दरबारी जमले, तेव्हा पाळण्याची दोरी ओढत राणीसाहेबांनी गोड आवाजात विचारलं, "शास्त्रीबुवा, आपण दूध पिता ना?"

"पितो तर! घरच्या म्हशीचं, रोज तांब्याभर."

"दुपारची कुठं असते ती?"

"डोहात. गळ्याएवढ्या पाण्यात डुंबते."

"आणि खाते काय?"

"कडबा. दुसरं काय खाणार?"

"अगंबाई! एवढी भिजलेली म्हैस, पण आपल्याला कधी शिंक नाही. एवढा कडबा खाते, पण आपण काही रवंथ करत नाही. मग माझ्याच वाटीभर दह्यानं लेकराला पडसं कसं होईल हो?"

बायका पदरात तोंड लपवून हसू लागल्या. शास्त्रीबुवांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. नुसताच जबडा हलत राहिला.

राणीसाहेबांनी दहीभाताची वाटी मागवली. पहिला घास घेता घेता त्या राजेसाहेबांना म्हणाल्या, "शास्त्रीबुवांचंच खरं हो! बघा, लागले की रवंथ करायला."