छतापर्यंतची माती

"दुसरी कुठली अट चालणार नाही का, बुवा?"

विश्वंभरशास्त्र्यांनी हे विमानात विचारलं, हॉटेलात विचारलं, आणि आता रोममधल्या एका टेकडीच्या पोटात, डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवून, पुन्हा विचारलं.

अच्युतबुवा आपल्या हेल्मेटचा पट्टा आवळत राहिले.

अट साधीच होती. बुवांनंतर मठाची गादी शास्त्र्यांकडे यायची होती. त्याआधी त्यांनी दामोदरच्या पाया पडायचं. दामोदर त्यांचा धाकटा गुरुबंधू. एकदा प्रवचनात तो श्लोक सांगताना अडखळला, तेव्हा भरल्या सभेत शास्त्री त्याला म्हणाले होते, "तू आपला चुलीपाशीच बरा." त्यानंतर दामोदर सभेत बसला नव्हता.

आजूबाजूला एका रोमन सम्राटाचा गाडलेला महाल होता. दालनामागून दालन, संपता संपेना. गारठा असा की बुवांनी उपरणं कानांवरून घेतलं. मठाच्या एका भक्ताची मुलगी, केतकी, रोमला शिकत होती. तीच त्यांना महाल दाखवत होती. तिने बॅटरी वर धरली.

छतावर वेली होत्या, पाखरं होती, नाचणारी माणसं होती. दोन हजार वर्षांपूर्वीचा लाल रंग अजून लालच होता. बुवांचे हात आपोआप जोडले गेले. शास्त्रीसुद्धा क्षणभर अट विसरले, हे विशेष.

"ती वर खरवडलेली अक्षरं कसली?" शेवटी त्यांनी विचारलं.

"चित्रकारांची नावं," केतकी म्हणाली. "पाचशे वर्षांपूर्वी ते टेकडीला पडलेल्या भोकातून दोर सोडून उतरायचे, ही चित्रं बघायला."

"आणि एवढ्या उंच हात कसा पोचला त्यांचा? शिड्या आणल्या होत्या?"

"छे! सम्राट मेल्यावर पुढच्यांनी सगळा महाल मातीने भरून टाकला होता. जवळजवळ छतापर्यंत. त्या मातीवरून हे लोक कोपरं सोलवटत सरपटत यायचे. उठून बसायलाही जागा नसायची. चित्र अगदी नाकासमोर."

"मग ती माती?" बुवांनी विचारलं.

"नंतर उपसली. म्हणून तर आपण असे ताठ उभे आहोत."

बुवा हसले.

"विश्वंभर, तू चांगला उंच आहेस. बघ बरं, पोचतो का हात."

शास्त्र्यांनी हसत हात वर केला. टाचा उचलल्या. पाखरं होती तिथेच होती, कितीतरी वर...

हात बराच वेळ तसाच राहिला. मग हळूच खाली आला. शास्त्र्यांना दामोदरचा त्या दिवशीचा चेहरा आठवला, आणि लाज वाटली.

"बुवा..." ते म्हणाले. "बाहेर पडलो की लगेच दामोदरला फोन लावतो. माफी मागतो."

बुवा अजून वरच बघत होते.

"फोनवर कोपरं सोलवटत नाहीत रे."